कलम सात

विस्मृती कायद्याचं कलम सात डॉ. शालन बनसोडे यांच्या हातचं होतं. उपचार घेऊन ज्याने एखादी आठवण पुसून घेतली, त्याच्यासमोर ती कोणीही काढायची नाही. एकतीस वर्षं कायदा शिकवून झाल्यावर आता त्या धोरण आयोगात बसून याच कलमातून सूट मागणारे अर्ज फेटाळत. आज सकाळपासूनचा हा अकरावा.

"मॅडम, पीयूष आमचा एकुलता एक," समोर बसलेले ठवरे मास्तर म्हणाले. "तो गेल्यावर माझ्या बायकोने दोन वर्षं धड अन्न घेतलं नाही. शेवटी मीच तिला उपचाराला नेलं. आता जेवते, गाणी म्हणते. काल शेजारणीला म्हणाली, आम्हाला मूलबाळ झालंच नाही. मी गप्प बसलो. मला एकदाच घरात त्याचं नाव घेऊ द्या."

"त्या पुन्हा कोसळतील, मास्तर. सूट देता येणार नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

शालनताईंना फार थकल्यासारखं झालं. घरात ज्याला सगळं आठवतंय, त्या माणसाचा विचार कलम लिहिताना त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांनी अर्जावर नकाराची सही केली आणि खुर्ची ओढून त्या मास्तरांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"माझ्यासमोर बोलायला मनाई नाही," त्या म्हणाल्या. "कसा होता पीयूष?"

मास्तरांनी चष्मा काढला.

"उंच होता," ते म्हणाले. "दारातून आत येताना वाकायचा."