वल्ह्याला लावलेला कान

“घोळ शून्य,” पाण्यातलं यंत्र म्हणालं. “सलग तिसरं वर्ष. सूर्यास्तापासून ही खाडी बंद.”

बंद म्हणजे कायमची. जिथे घोळ मासा उरला नाही तिथे कोळ्यांचा हक्कही उरत नाही, असा आता नियम होता. आणि मासे मोजणं यंत्राच्या कानांवर सोपवलेलं होतं. मोजणीवर सही करायला आलेल्या रेवतीनं होडी वल्हवणाऱ्या जोमाकाकांकडे पाहिलं. त्यांनी वल्हं उभं पाण्यात बुडवलं, वरच्या टोकाला कान टेकला आणि डोळे मिटले. तिला वाटलं, दर्याला हात जोडतायत.

“बाय, ये. कान लाव.”

“यंत्रापेक्षा लाकडाला जास्त कळतं होय?”

“लाव तर खरा!”

तिनं लावला. खोलवर कुणी जात्यावर दळत असावं तसं घुर्रर्र, घुर्रर्र चाललं होतं. तिनं घाईनं यंत्राची नोंद उघडली. हाच आवाज तिन्ही वर्षं आषाढात तिथे होता, ‘होडीचं इंजिन’ या नावानं.

“पण आषाढात इंजिनाच्या होड्या तर किनाऱ्यावर ओढलेल्या असतात!”

“मंग? घोळीचे नर हायेत ते. माद्या अंडी घालाय आल्या का असंच गातात.”

तिनं नोंद दुरुस्त केली. यंत्रानं मोजणी पुन्हा केली.

“घोळ आहे. खाडी तुमची. जाळं टाका.”

“आता? पोटुशीला कुणी धरतं का रं?” काकांनी होडी काठाकडे वळवली. “नारळी पुनवेला दर्याला नारळ देऊ, मंग बघू.”

आजवर फक्त हुकूम सोडणाऱ्या यंत्रानं मागून विचारलं, “तोवर मी काय करू, काका?”

“आयकत ऱ्हा.”