हिरव्या ड्रेसचा फोटो

त्याची ताई त्या फोटोसमोर उभी होती. त्याच्या शेजारी एका मासिकाच्या संपादकबाई त्याचं तोंडभर कौतुक करत होत्या, पण त्याच्या कानात एक अक्षर शिरत नव्हतं. आपल्या फोटोंच्या प्रदर्शनाचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं. ताई पेपरात वाचून आली होती, ऑफिसमधून थेट, डब्याची पिशवी खांद्याला तशीच.

फोटो भिंतभर मोठा होता. हिरव्या ड्रेसमधली मुलगी फरशीवर बसलेली, पाठ कपाटाला टेकलेली, फोन मांडीत पडलेला. अर्धा चेहरा उन्हात, अर्धा सावलीत. याच फोटोवर त्याला पहिलं काम मिळालं होतं. मग मासिकांची मुखपृष्ठं, मग मोठमोठे डिझायनर. सव्विसाव्या वर्षी फॅशन फोटोग्राफर म्हणून त्याचं नाव झालं. ही मॉडेल कोण, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "होती एक ओळखीची."

लग्न ठरल्यावर तो ड्रेस ताईने स्वतः शिवला होता. त्या दुपारी ती आरशासमोर घालून बघत होती, तेवढ्यात होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. त्याने लग्न मोडलं. ताई उभी होती तिथेच खाली बसली. तिचा हा भाऊ अर्धवट उघड्या दाराआड होता, गळ्यात कॅमेरा. असं ऊन पुन्हा मिळणार नव्हतं. त्याने चार फोटो काढले आणि पाय न वाजवता जिना उतरून गेला. संध्याकाळी आत्ताच आल्यासारखा घरी परतला आणि म्हणाला, "जेवायला काय आहे?"

आता त्याला तोंड लपवायला जागा नव्हती. तो तिच्याजवळ गेला.

"ताई, तुला विचारायला हवं होतं मी. चेहरा नीट ओळखू येत नाही, म्हणून मला वाटलं..."

"छान आलाय रे," ताई म्हणाली. "मी एवढी बरी दिसत होते होय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. त्याला थोडं हायसं वाटलं.

"लोकांना दाखवला म्हणून चिडली नाहीस ना?"

"त्याचं काही नाही." फोटोतल्या मुलीवरून तिची नजर हलली नाही. "मी तुला दोनदा हाक मारली होती त्या दिवशी. मला वाटलं, घरात कोणी नाही."