खराट्याचा दांडा

वैजूच्या हातून सलग दुसऱ्यांदा वजनाचा बार पुढे निसटून आदळला. आता एकच उचल उरली होती. तीही हुकली तर राज्याच्या संघातलं नाव कटणार होतं.

प्रेक्षकांत पुढे बसलेल्या सयाजीला वजन उचलण्यातलं फारसं कळत नव्हतं. लेकीला शिकवलं होतं ते त्याच्या बायकोने. सरावाला ती त्याला वैजूसमोर खराट्याचा दांडा उभा धरायला लावायची. "पोरी, बार दांड्याला लागला की समज, अंगापासून लांब गेला. कडेवरच्या लेकरासारखा जवळ ठेव!" ती वारल्यापासून दांडा कोपऱ्यातच होता आणि बार लांब जाऊ लागला होता.

वैजूने हातांना खडूची पावडर चोळली. सयाजी उठला. दांडा धरावा तशी त्याने रिकामी मूठ समोर आवळली.

"ओ काका, खाली बसा की! दिसंना झालंय," मागून कुणीतरी ओरडलं.

तो हलला नाही. वैजूने समोर पाहिलं. बार नडग्यांना, मांड्यांना घासत वर गेला आणि डोक्यावर स्थिर राहिला.

बाहेर येताच तिने बापाची घामेजलेली मूठ उघडली.

"दांडा जरा तिरका धरला होतास, बाबा."