बसून करायचं काम

गेल्या हंगामात आमरसाच्या मशीनच्या पट्ट्यात उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हाच आम्रपालीने देवरूखच्या त्या छोट्या कारखान्याची आशा सोडली होती. पण यंदा आंबा सुरू झाला आणि शेट स्वतः तिच्या दारात आले. "तुझी जागा तुझीच आहे. बसून करायचं काम देतो," म्हणाले. तिला रडूच कोसळलं.

काम सोपं होतं. नव्याने लागलेल्या बायकांना सावध करायचं. पहिल्याच दिवशी तिने पदराखाली लपवलेला हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. "मशीन चालू असताना पट्ट्याजवळ हात न्यायचा नाय. ओढणी खोचून घ्यायची." बायकांनी पटापट ओढण्या खोचल्या. शेटनी लांबूनच मान डोलावली. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, असं आम्रपालीला कितीतरी दिवसांनी वाटलं.

दुपारी वेल्डिंगवाला त्या पट्ट्यावर बसवायची लोखंडी जाळी घेऊन आला. शेटनी त्याला दारातच थांबवलं. त्यांचा आवाज आतपर्यंत ऐकू आला.

"ने परत ती जाळी. आता कशाला हवी? आम्रपाली आली ना कामावर!"