मधला श्वास

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, भर दुपारी, भाचीच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बासरीवादकाने आपली नवी रचना वाजवून संपवली. ती इंडोनेशियन लोकसंगीतावरून सुचली, असे तो चारचौघांत सांगे; वास्तविक एका जुन्या ध्वनिफितीवरच्या अनामिक म्हाताऱ्या इंडोनेशियन वादकाची धून त्याने जशीच्या तशी उचलली होती.

भाचीने काचेपलीकडून मुद्रण ऐकवले. सूर त्याचेच होते. सुरांमधला श्वास मात्र घरघरता, थकलेला, दुसऱ्याच कुणाचा होता.

“मामा, दमा जडला की काय तुला?” ती हसली. “चल, पुन्हा घेऊ.”

त्याची मान खाली गेली. सगळे सांगून टाकावे असे मनात आले, पण पोरीपुढे जीभ रेटेना. मुद्रणाचा लाल दिवा लागला. त्याने बासरी ओठांशी नेली. फुंकर घालायचीही लाज वाटली, तेव्हा बासरी तशीच मांडीवर ठेवली.

तरीही, कुणी न वाजवता, हेडफोनमध्ये धून सुरू झाली. मधला श्वास आता अगदी कानाशी येत होता, आणि त्याची स्वतःची छाती त्याच लयीत वरखाली होत होती.

धून संपली. यंत्रावरची नजर न उचलताच भाची म्हणाली,

“हेच ठेवू, मामा. मघाशी तू नुसती नक्कल करत होतास.”