डब्याचं दुखणं

टीव्हीवर नायिका ओठ हलवत होती, पण आवाज येत नव्हता.

ऑपरेटरनी रिमोट दाबून दाबून अंगठा दुखवून घेतला. मग टीव्हीमागे वाकून त्या लहानशा काळ्या कॉम्प्युटरची वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. सिनेमा मुकाच राहिला.

सगळी नोकरी त्यांनी थिएटरच्या प्रोजेक्टर-खोलीत काढली होती. रीळ तुटलं तर खालून पहिली शिट्टी यायच्या आत ते जोडून मोकळे व्हायचे. या डब्यापुढे मात्र त्यांनी हात टेकले.

"मुलीला फोन लाव," शेजारी म्हणाले. रक्तदाबापासून पुलाच्या बांधकामापर्यंत कशावरही मत देत असल्यामुळे सगळी इमारत त्यांना तज्ज्ञ म्हणायची.

"दुसरं काहीतरी सांग."

डबा मुलीनंच बसवला होता. आई अंथरुणाला खिळली होती, तिला पडल्या पडल्या जुने सिनेमे बघता यावेत म्हणून. डबा बसवून मुलगी नोकरीच्या गावी परतली आणि त्याच आठवड्यात आई गेली. मुलगी धावत आली तेव्हा ऑपरेटर चार लोकांदेखत बोलून गेले, "डबा बसवायला वेळ होता तुला. आईजवळ बसायला नव्हता."

त्याला वर्ष होऊन गेलं. ना तिचा फोन, ना यांचा.

पण संध्याकाळी घरात सिनेमाचा तेवढाच काय तो आवाज असायचा. दोन दिवस कळ काढून ऑपरेटरनी शेवटी फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"डबा बिघडलाय," ते म्हणाले.

"आवाज येत नाहीये?"

"हो."

"दातेरी चाकाचं चित्र दिसतंय? ते दाबा. आता साउंड. काय लिहिलंय तिथे?"

"हेडफोन."

"ते काढून टीव्ही निवडा."

नायिकेनं असा काही सूर लावला की तज्ज्ञ खुर्चीतून उडाले.

"ठेवू?" मुलीनं विचारलं.

"ठेव," ऑपरेटर म्हणाले. थोडा वेळ दोघांनीही ठेवला नाही.

पुढच्या आठवड्यात सिनेमाखालची अक्षरं भलत्याच भाषेत यायला लागली. ती ताळ्यावर आणली, तर सगळ्या सिनेमांची चित्रं गायब. डबा ती भलत्याच फोल्डरमध्ये शोधत होता. दर वेळी फोन, दर वेळी नवीन दुखणं. फोनही लांबत चालले. एखादं पान उघडायला वेळ लागला की मुलगी विचारायची, "जेवलात का?" हेही विचारायचे, "तुझी पाठ काय म्हणते?"

"तुला तिथून दिसत नाही का गं हे सगळं?" एकदा त्यांनी विचारलं.

"छे. तुम्ही सांगाल तेवढंच."

दुखणं बरं व्हायचं, पण कारण काही कळेना, आणि कारण कळल्याशिवाय ऑपरेटरना चैन पडत नसे. मांजर कीबोर्डवरून चालत असेल म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. उशाखाली रिमोट दबत असेल म्हणून तो बिस्किटांच्या डब्यात ठेवला. कीबोर्ड कपाटावर चढवला. दुसऱ्याच दिवशी आवाज पुन्हा हेडफोनवर! घरात हेडफोन नावाची वस्तू नव्हती.

त्यांनी दुकानातून दुरुस्तीवालीला बोलावलं. तिनं डबा उघडला, पंख्यातली धूळ झटकली, सगळं तपासलं.

"मशीन ठणठणीत आहे, काका. कुणीतरी सेटिंग बदलतंय. घरात आणखी कोण असतं?"

"मी एकटाच."

तिनं तज्ज्ञांकडे बघितलं. तज्ज्ञांनी छताकडे.

ती गेल्यावर तज्ज्ञ गालातल्या गालात हसले. "आता कबूल कर. पोरीशी बोलायला मिळतं म्हणून तूच करतोस."

"आईशप्पथ, मी हात लावत नाही."

"मग लावतोस आणि विसरतोस!"

तज्ज्ञ स्वतःच्या विनोदावर खूश होते. ऑपरेटरना हसू आलं नाही. त्यांचा थोरला भाऊ शेवटी शेवटी स्वतःचं घर ओळखत नव्हता. त्याचीही सुरुवात अशीच होती. नळ उघडा राहायचा, गॅस चालू राहायचा, आणि विचारलं की म्हणायचा, मी नाही केलं.

त्या दिवशी त्यांनी घरातली प्रत्येक वस्तू दोनदा बघितली. चष्मा कुठे ठेवला ते मोठ्यानं म्हणून ठेवलं. सकाळी काय खाल्लं ते आठवलं, पण काल सकाळचं आठवेना.

दोन दिवसांनी दुपारी सिनेमा ऐन रंगात असताना टीव्ही काळाठिक्कर पडला. ऑपरेटर जागचे हलले नाहीत. त्यांनी फोन लावला.

"काय झालं, बाबा? पडदा काळा झालाय? बरं, आधी कीबोर्ड..."

"राहू दे गं," ते म्हणाले. "दोष डब्यात नाही, माझ्यात आहे. मीच काहीतरी करून ठेवतो आणि मला आठवत नाही. तुझ्या काकांचं झालं तसंच. उद्या डॉक्टरकडे जातोय."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला आधी सांगावं म्हटलं. आणि त्या दिवशी चार लोकांत तुला जे बोललो ना... तेही विसरून जायच्या आत सांगतो. चुकलो मी. तू आईसाठी किती केलंस ते मला दिसत होतं."

फोन कट झाला की काय, म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून कानाला दाबला.

"आहेस ना?"

पलीकडे कुणीतरी नाक ओढलं. मग कीबोर्डची टकटक ऐकू आली.

समोरचा काळा पडदा उजळला आणि सिनेमा जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

"लागला ना, बाबा?" मुलगी म्हणाली. "डॉक्टरकडे नका जाऊ."