तपकिरी
लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी सालातल्या व्यावसायिक स्नूकर स्पर्धेचा अंतिम सामना. उदगीरच्या व्यंकटीला लाल आणि तपकिरी सारखेच दिसत. हे त्याला शिकवणाऱ्या वस्तादांनाच ठाऊक. आज पंचही तेच. “कळंना तर इचार, लेकरा. इचारल्याबिगर पंचाला रंग सांगता येत न्हाई,” त्यांनी सकाळीच बजावलं होतं. “इचारलं की रेल्वेचा साहेब ऐकंल!” व्यंकटी म्हणाला. “नोकरी द्यायला आलाय, रंग न कळणारा घेईल व्हय?” आता लाल मारायचा होता आणि व्यंकटी तपकिरीवर वाकला. कोरड्या आडातून पोहरा रिकामा यावा तसे वस्तादांचे ओठ नुसतेच हलले. बॉल अलगद जाळीत पडला. व्यंकटी हसला. “फाउल,” म्हणत वस्ताद तपकिरी काढून नियमाप्रमाणे जागेवर ठेवू लागले; जाळीत गेलेला लाल कधी परत ठेवत नाहीत, बाकीचे रंग ठेवतात. पहिल्या रांगेतल्या साहेबांसमोर व्यंकटीनं मोठ्यानं विचारलं, “वस्ताद, लाल परत कामून ठेवायलाव?”